उंबऱ्याबाहेरचा इलाज

आजारांनाही मानपान असतो. हृदयविकाराचा झटका आला की गावाहून नातेवाईक येतात. मणक्याचं दुखणं निघालं की एमआरआयची ती भलीमोठी काळी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून पाहुण्यांना दाखवता येते. गुडघ्याचं ऑपरेशन म्हटलं की ‘एकच केलात की दोन्ही?’ असं विचारणारे भेटतात आणि त्यावर चहा होईपर्यंत बोलता येतं. टाचदुखीला मात्र काडीची प्रतिष्ठा नाही. ‘टाच दुखते हो फार’ म्हटलं की समोरचा माणूस आधी आपल्या पायांकडे बघतो, मग चपलांकडे बघतो आणि म्हणतो, ‘चपला बदला.’ विषय संपला. शहाळं घेऊन कुणी भेटायला येत नाही.

खरं तर या अवयवाचा इतिहास केवढा थोर! ग्रीकांचा अकिलीस टाचेत बाण लागून गेला. आपल्याकडे तर प्रत्यक्ष श्रीकृष्णाने अवतार संपवला तो व्याधाचा बाण पावलात लागल्यावर. असं पुराणप्रसिद्ध दुखणं घेऊन डोंबिवली फास्टमध्ये उभं राहावं, तर चौथ्या सीटवर अर्धवट टेकायलाही कुणी सरकत नाही. फ्रॅक्चरचं प्लास्टर दिसतं, गरोदर बाईचं पोट दिसतं. टाच बुटात असते.

मी शाळेत शिकवते, म्हणजे उभी राहते. बसून शिकवायला बंदी नाही; पण बसलेली बाई मागच्या बाकाला दिसत नाही आणि बाईला मागचा बाक दिसत नाही, आणि हे दुसरं फार महागात पडतं. त्यामुळे शिक्षक, परिचारिका, बस कंडक्टर, चौकातला पोलीस आणि घरोघरच्या स्वयंपाक करणाऱ्या बायका ही टाचदुखीची हक्काची गिऱ्हाइकं. वयही ठरलेलं: चाळिशी ते साठी. म्हणजे गृहकर्जाचे हप्ते, मुलांची बारावी आणि टाच ही सगळी एकदमच येतात.

टाच दुखते हे मी स्टाफरूममध्ये बोलून गेले आणि मधल्या सुट्टीत वैद्यकीय परिषद भरली. गणिताच्या बाई म्हणाल्या, ‘युरिक ॲसिड. डाळी बंद.’ विज्ञानाचे सर म्हणाले, ‘बी ट्वेल्व्ह.’ चित्रकलेच्या सरांनी ‘डी’वर बोट ठेवलं. पी.टी.चे सर म्हणाले, ‘बाई, वजन.’ त्यानंतर मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. शिपाईमामांनी सांगितलं, वीट तापवा, तिच्यावर रुईची पानं टाका आणि त्यावर टाच दाबून धरा. संस्कृतच्या बाई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, ‘सुश्रुताने सांगितलंय की हे. वातकंटक.’

‘मग उपाय काय सांगितलाय?’

‘अग्निकर्म.’

‘म्हणजे?’

‘तापवलेल्या शलाकेने डाग द्यायचा.’

त्यामानाने मला वीट बरी वाटली.

औषधावर मतभेद असले, तरी निदानावर सगळ्यांचं एकमत होतं: टाचेचं हाड वाढलंय. महाराष्ट्रात टाच दुखणाऱ्या प्रत्येकाचं हाड वाढलेलं असतं. एक्स-रे काढला तर खरोखरच टाचेच्या हाडाला पुढच्या अंगाने बारीकसं टोक आलेलं होतं. काय समाधान वाटलं म्हणून सांगू! इतके दिवस नुसती तक्रार होती, आता पुरावा हातात आला. पण हाडांच्या डॉक्टरांनी ते समाधान तिथल्या तिथे हिरावून घेतलं. म्हणाले, हे टोक ज्यांचं काहीही दुखत नाही अशा पुष्कळांच्या एक्स-रेत सापडतं, आणि ज्यांची टाच ठणकते त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या एक्स-रेत सापडत नाही. तुमचं दुखणं हाडाचं नाही, त्याला चिकटलेल्या पट्ट्याचं आहे.

या पट्ट्याचं वैद्यकीय नाव प्लांटार फॅशिया. टाचेच्या हाडापासून निघतो, तळव्यातून पसरत जातो आणि बोटांच्या मुळाशी पोचतो. जाड, चिवट, फारसा न ताणणारा. पायात सव्वीस हाडं आहेत, त्यांची कमान याने धरून ठेवलेली असते. वाचता वाचता करून बघण्यासारखी गोष्ट आहे: खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर टेकवा आणि हाताने अंगठा वर उचला. तळव्याची कमान आपोआप उंच होते. हिक्स नावाच्या ब्रिटिश अभ्यासकाने १९५४ साली हे नीट मांडून दाखवलं. आपण पाऊल उचलतो तेव्हा टाच वर येते, अंगठा मुडपतो आणि पट्टा खेचला जातो. दिवसातून हजारो वेळा. एवढी ओढाताण झाल्यावर तो जिथे हाडाला चिकटतो तिथे झिजू लागतो. तिथे सूज असते असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत आले. पण २००३ साली ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून काही अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं की सुजेची चिन्हं दिसत नाहीत, झिजेची दिसतात. म्हणजे ज्या सुजेवर आपण इतकी मलमं चोळली, ती सूज तिथे फारशी नव्हतीच.

रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेलं असतं, त्यामुळे पोटरी आणि हा पट्टा दोन्ही आखडून बसतात. सकाळी पहिलं पाऊल टाकलं की ते एकदम ताणले जातात आणि टाचेत खिळा ठोकल्याची कळ येते. लहानपणी आम्हाला शिकवलं होतं की सकाळी पाय जमिनीवर टेकण्याआधी पृथ्वीची क्षमा मागायची, कारण आपण तिला पाय लावणार. इतकी वर्षं ती क्षमा मी तोंडदेखली मागत आले. आता मनापासून मागते, आणि मागितल्यावर पृथ्वीचं काय म्हणणं पडतं त्याची वाट बघत थोडा वेळ पलंगावरच बसून राहते. या दुखण्याचा दुसरा कावा असा की दहा-पंधरा मिनिटं चाललं की ते ओसरतं. म्हणजे घरातली माणसं उठून आपल्याकडे बघेपर्यंत आपण धडधाकट चालत असतो. भिंतीला धरून स्वयंपाकघरापर्यंत केलेला प्रवास कुणीही पाहिलेला नसतो.

डॉक्टरांनी पोटरीचे व्यायाम सांगितले आणि चिठ्ठीवर लिहिलं: इनसोल. बुटात घालायची गादी. व्यायामाकडे आम्ही अर्थातच दुर्लक्ष केलं आणि जे विकत मिळतं त्याच्या मागे लागलो.

इनसोलची दुकानं दोन प्रकारची. पहिलं सर्जिकलचं. तिथे वॉकर, कमोडची खुर्ची आणि मानेचे पट्टे यांच्यामधून वाट काढत काउंटरपर्यंत जायचं. दुकानदार तोंड वर न करता विचारतो, ‘हील कप की फुल? साइज?’ आणि खोक्यातून दोन दुधी रंगाचे सिलिकॉनचे कप काढून ठेवतो. मध्यभागी निळा गोल, तिथे सिलिकॉन जास्त मऊ असतं. किंमत काही शे रुपये. बोटाने दाबून बघावंसं वाटतं, आणि प्रत्येक गिऱ्हाईक दाबून बघतंच. दुसरं दुकान मॉलमधलं. तिथे काचेच्या फळीवर अनवाणी उभं करतात. पडद्यावर आपले दोन तळवे लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांत उमटतात. गळ्यात आयडी कार्ड घातलेला मुलगा गंभीर चेहऱ्याने म्हणतो, ‘मॅडम, तुमची कमान पडलीय.’ हे वाक्य आजवर मला कुणी ऐकवलं नव्हतं. माझ्या पायांच्या मापाचे इनसोल बनवून मिळतील म्हणाला आणि हजारांतला एक आकडा सांगितला. तो ऐकल्यावर टाच दुखायची थांबली. पार्किंगमध्ये पोचल्यावर परत सुरू झाली.

ही विक्रीकला काही आजची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागोत विल्यम शोल नावाचा तरुण बुटांच्या दुकानात काम करायचा. लोकांचे दुखरे पाय बघून त्याने कमानीला आधार देणारी पट्टी तयार केली, नाव ठेवलं ‘फूट-ईझर’, आणि स्वतः डॉक्टरही झाला. त्याच्याबद्दल सांगतात की तो पावलाचा हाडांचा सांगाडा बॅगेत घेऊन फिरायचा आणि दुकानदाराच्या काउंटरवर तो मांडून बोलणं सुरू करायचा. रंगीत पडदा काय आणि सांगाडा काय! आपलं पाऊल आतून कसं दिसतं हे एकदा दाखवलं की माणूस पाकिटात हात घालतो. आता सांगाड्याच्या जोडीला नासाही आली आहे. ‘मॅडम, हा मेमरी फोम, नासाचं तंत्रज्ञान.’ यात खोटं काही नाही. विमानांच्या आसनांसाठी नासाच्या प्रकल्पात १९६६ साली तो फोम तयार झाला होता. नवरा शेजारी उभा होता. म्हणाला, ‘घे. घरात कुणाला तरी मेमरी असू दे.’

महागाचे घ्यावेत की स्वस्तातले, यावर डोकं लढवणाऱ्यांसाठी एक जुनी चाचणी मोलाची आहे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या या चाचणीत पंधरा ठिकाणचे २३६ रुग्ण होते आणि त्यांचे पाच गट केले होते. सगळ्यांना ताणाचे व्यायाम दिले. एका गटाला फक्त व्यायाम, तिघांना दुकानात तयार मिळणारे सिलिकॉनचे, रबराचे आणि फेल्टचे तुकडे, आणि एकाला पायाच्या मापाने मुद्दाम बनवलेले महागडे इनसोल. आठ आठवड्यांनी सिलिकॉनवाल्यांपैकी ९५ टक्क्यांना बरं वाटलं. नुसता व्यायाम करणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांना. आणि मापाने बनवून घेणाऱ्यांपैकी ६८ टक्क्यांना. म्हणजे सगळ्यात महाग इलाज नुसत्या व्यायामाच्याही मागे. मी हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने कागद हातात घेतला, चष्मा लावून सावकाश वाचला आणि फ्रिजवर चुंबकाने लावून टाकला. आमच्या लग्नात माझं म्हणणं पुराव्यानिशी इतक्या झटकन मान्य झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

आता इनसोल बुटात घालण्याबद्दल, कारण पाकिटावरच्या बारीक अक्षरात ते असतं आणि बारीक अक्षर वाचायचा चष्मा नेमका त्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो. बुटात आधीच एक सोल असतो. बहुतेक बुटांत तो नुसता ठेवलेला असतो, ओढला की निघतो. पूर्ण लांबीचा इनसोल असेल तर जुना काढायचा आणि मग नवा घालायचा. लोक जुन्यावरच नवा चढवतात. मग बूट लहान होतो, टाच वर येऊन बाहेर डोकावते, बोटं पुढे चेपतात, आणि टाचेच्या औषधाने अंगठा दुखायला लागला अशी तक्रार घेऊन माणूस परत दुकानात जातो. इनसोलच्या पाठीवर सात, आठ, नऊ अशा कापायच्या रेघा असतात. जुना सोल वर ठेवून पेन फिरवावं आणि मोठ्या मापाकडून कापत यावं, कारण कापलेला परत जोडता येत नाही. आणि एकच टाच दुखत असली तरी कप दोन्ही बुटांत घालावेत. एकाच पायाखाली उंची वाढवली तर कंबरही स्टाफरूममध्ये चर्चेला येते.

पण मुळात बूट कुठून आणायचे? इनसोल ही बूट घालणाऱ्या देशांची कल्पना. आमच्या पिढीच्या बायकांकडे ऑफिसची चप्पल, बाजाराची चप्पल, पावसाळी चप्पल आणि लग्नाची चप्पल. अंगठ्याच्या चपलेत सिलिकॉनचा कप ठेवला, तर पहिल्याच पावलाला तो सुटून रस्त्यावर पडतो आणि मागून येणारा माणूस ‘ताई, तुमचं काहीतरी पडलं’ म्हणून हातात आणून देतो, ते नक्की काय आहे हे न समजल्यामुळे जरा लांबूनच. कोल्हापुरीबद्दल मला अभिमान आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा शाळेत मी त्यावर फलकलेखन केलं होतं. पण तिचा तो सपाट, खणखणीत तळ टाचदुखीवाल्यांसाठी नाही.

म्हणून साडीवर स्पोर्ट्स शूज. सकाळी साडेसहाच्या आसपास डोंबिवलीच्या पुलावर उभं राहून खाली बघा. सुती साडी, नीट चोपलेल्या निऱ्या, खांद्याला डब्याची पिशवी, आणि निऱ्यांखाली पांढरे-गुलाबी जाळीदार बूट. या सगळ्या आमच्या पंथाच्या. नवी दीक्षा घेतलेली बाई ओळखू येते. ती बूट झाकायला साडी दोन बोटं खाली नेसते. जुन्या बायकांनी ते सोडून दिलेलं असतं. मी पहिल्या दिवशी बूट घालून वर्गात गेले तेव्हा सातवी ‘ब’ने बुटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पहिल्या बाकावरून प्रश्न आला, ‘बाई, आज पी.टी. आहे का?’

इतकं सगळं जमलं. बूट आले, इनसोल बसले, लाज गेली. आणि मग लक्षात आलं की मराठी माणूस बूट घालतो तो मुख्यतः काढण्यासाठी.

माझा दिवस बघा. घरातून स्टेशन, गाडी, स्टेशनवरून शाळा. इथपर्यंत इनसोल टाचेखाली. दुसरा तास संगणक कक्षात. दारावर पाटी: पादत्राणे बाहेर काढावीत. त्या खोलीतले अर्धे संगणक बंद आहेत, पण पाटी कडक आहे. मधल्या सुट्टीत वाचनालय: पादत्राणे बाहेर. गुरुवारी सभागृहात सरस्वतीपूजन: पादत्राणे बाहेर. संध्याकाळी वाटेत गणपतीचं देऊळ: बाहेर. तिथे तर मन देवापाशी कमी आणि चपलांच्या स्टँडपाशी जास्त, कारण बूट गेले तर त्यांच्यासोबत इलाजही जाणार. मग डोंबिवलीत मैत्रिणीकडे हळदीकुंकू: दारात तीस जोडांचा ढीग, त्यात भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहून नाड्या सोडायच्या, म्हणजे दुखऱ्या टाचेवर सगळं वजन. आत गेल्यावर यजमानीण म्हणणार, ‘अगं, बस ना!’ आणि बसायला खाली सतरंजी. आणि याच्यावरचा कळस म्हणजे फिजिओथेरपीचं क्लिनिक. पायांवर उपचार करणारं ठिकाण, भिंतीवर पावलाच्या स्नायूंचं मोठं चित्र, आणि दाराबाहेर पाटी: चप्पल-बूट येथे काढा. आत गार, कडक, चकचकीत फरशी. मी अनवाणी लंगडत आत गेले आणि थेरपिस्टने प्रेमाने विचारलं, ‘इनसोल वापरताय ना नियमित?’

वापरते ना. ते बाहेर आहेत.

आणि घर! टाचेवर सगळ्यात जास्त अत्याचार होतो तो घरात. ओटा, सिंक, वॉशिंग मशीन, पुन्हा ओटा, हे सगळं व्हिट्रिफाइड टाइल्सवर आणि अनवाणी. टाचेच्या हाडाखाली निसर्गाने चरबीची गादी दिलेली आहे, पण वयाबरोबर पोटाची वाढते आणि टाचेची पातळ होते. वाटप करणाऱ्याने काही विचार केलेला दिसत नाही. डॉक्टर सांगतात, घरातही मऊ चप्पल घाला. वाक्य साधं आहे. ते ज्या घरात सासूबाई आहेत तिथे अमलात आणून दाखवावं.

‘स्वयंपाकघरात चप्पल?’ आई म्हणाल्या. पुढे काही बोलल्या नाहीत. कुकरची शिट्टी झाली तीही जरा दबूनच झाली.

‘डॉक्टरांनी सांगितलंय, आई.’

‘डॉक्टर येतोय का नैवेद्य दाखवायला?’

‘पूर्वी ऋषीमुनी आश्रमात खडावा घालायचेच की.’

‘मग खडावा घाल.’

यावर उत्तर नव्हतं. मी खाली बघितलं, आणि इतक्या वर्षांत कधी न दिसलेली वस्तू दिसली. ओट्यासमोर, आई जिथे उभ्या राहून पोळ्या करतात नेमकं तिथे, जुन्या सतरंजीची चौपदरी घडी. कडेला बखिया घालून नीट शिवलेली, मध्ये दोन पावलांच्या जागी दबून चपटी झालेली, आणि डावीकडच्या खळग्यात पिठाचा पुसट थर. ही कधीपासून आहे विचारलं, तर म्हणाल्या, ‘ओटा झाला तेव्हापासून. पाय धरतात.’

आईंच्या माहेरी चूल होती आणि चुलीपुढे पाट होता. बाई बसून भाकरी थापायची. मग उभ्याचा ओटा आला, सगळ्यांनी सुधारणा म्हणून त्याचं कौतुक केलं, आणि बाई जी उभी राहिली ती उभीच. आईंनी कुणालाही न विचारता, एक्स-रे न काढता, पायाऐवजी जमिनीलाच इनसोल लावून टाकला होता. परदेशात स्वयंपाकघरांसाठी असल्या जाड चटया खास बनवून विकतात आणि त्यांची किंमत ऐकली तर आई त्याच सतरंजीवर घेरी येऊन पडतील.

पण सतरंजी ओट्यापुरती. सिंकपाशी काय करायचं? शेवटी तह झाला. चप्पल चामड्याची नसावी, उंबऱ्याबाहेर जाऊ नये, बाथरूममध्ये जाऊ नये आणि देव्हाऱ्याच्या चौकटीआधी पायातून निघावी. सोवळ्यातली चप्पल. आमच्याकडे बाथरूमची चप्पल होती, बाल्कनीची होती, आता ही तिसरी. सर्जिकलच्या दुकानातून एमसीआरची आणली, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची. ही काळी-निळी, अजिबात न मिरवणारी चप्पल भारतात मुख्यतः कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्या माणसांसाठी वापरात आली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी त्यांच्या जखमांचा अभ्यास करताना दाखवून दिलं होतं की रोग पाय खात नाही. न कळणारा दाब आणि घर्षण पाय खातात. मधुमेहींनाही तीच देतात. मॉलमधल्या मुलाला ही चप्पल माहीत नव्हती. आयडी कार्डावर तिची जाहिरात नसावी.

तह चार-पाच आठवडे टिकला. मग कुरियरवाला आला आणि नवरा घाईत माझी सोवळ्यातली चप्पल अडकवून लिफ्टपर्यंत जाऊन आला. चप्पल बाटली. आईंनी ती दोन बोटांनी उचलून बाल्कनीत नेऊन ठेवली, आणि मला सर्जिकलच्या दुकानात परत जावं लागलं. दुकानदार या खेपेला तोंड वर करून हसला. म्हणाला, ‘सासूबाई?’

व्यायाम आम्ही शेवटी सुरू केले, म्हणजे विकत घेण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा. सकाळी उठायच्या आधी पलंगावर बसून टॉवेलने पाऊल आपल्याकडे ओढायचं. मग जिन्याच्या पायरीवर पुढच्या पावलावर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, परत वर घ्यायची. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी यात बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून, दिवसाआड, ताकदीचा व्यायाम म्हणून तो करायला लावला आणि तीन महिन्यांत नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा चांगला गुण दिसला. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याच्या पायरीवर कठडा धरून वर-खाली होणारी बाई दिसली की माणसं लिफ्टची वाट बघायची सोडून चौकशी करतात. वरच्या मजल्यावरच्या काकांना मी कारण सांगितलं. ते म्हणाले, ‘हाड वाढलंय.’

आता गंमत अशी की टाचदुखी बहुतेकांची बरी होते. दहापैकी आठ-नऊ जणांची साधारण वर्षभरात ओसरते, ऑपरेशनशिवाय. त्यामुळे अकराव्या महिन्यात जो इलाज चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्या स्टाफरूममध्ये एकीची टाच विटेने बरी झाली आहे, एकीची होमिओपॅथीने, एका सरांची तांब्याच्या कड्याने आणि एकीची बदली पनवेलला झाल्याने. प्रत्येक जण शपथेवर सांगायला तयार आहे. ऑस्ट्रेलियात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर काहींना मापाने बनवलेले इनसोल दिले, काहींना दुकानातले तयार, आणि काहींना नुसता पातळ फोमचा दिखाऊ तुकडा. तीन महिन्यांनी खऱ्या इनसोलवाल्यांना चालण्या-फिरण्यात थोडा फायदा दिसला. वर्षाने तिन्ही गट सारखेच. याचा अर्थ इनसोल निरुपयोगी असा मी घेत नाही. ज्या तीन महिन्यांत आपण पृथ्वीची क्षमा मागत पलंगावर बसतो, ते तीन महिने जरा कमी ठणकावेत एवढंही पुष्कळ आहे, आणि तेवढ्यासाठी काही शे रुपये ठीक आहेत. काही हजार नाहीत.

तेव्हा वाचकहो, दुकानातला तयार मिळणारा घ्या, जुना सोल आधी ओढून काढा, पोटरी ताणा आणि घरात चप्पल घाला. रात्री झोपेतही टाच दुखत असेल, बधिर पडत असेल, सुजून गरम लागत असेल किंवा सोबत ताप असेल, तर वीट राहू द्या आणि डॉक्टरकडे जा. आणि हळदीकुंकू करणाऱ्या माझ्या मैत्रिणींना, देवळांच्या विश्वस्तांना आणि विशेषतः फिजिओथेरपीच्या क्लिनिकवाल्यांना एक विनंती: पाटी राहू द्या, आम्ही बूट बाहेरच काढू. फक्त त्या पाटीखाली एक स्टूल ठेवा.